वाटाण्याच्या मुळाशी

मुलांनो, थंडीचे दिवस सरत आले की बाजारात हरभऱ्याचे डहाळे येतात. हिरवे घाटे सोलून दाणे खायचे आणि उरलेले झुडूप फेकून द्यायचे, हे आपण सगळेच करतो. पुढच्या वेळी फेकण्याआधी त्याच्या मुळाकडे एकदा नीट पाहा. मुळाला मोहरीच्या किंवा ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी चिकटलेल्या असतात. उपटताना पुष्कळ गाठी मातीतच राहतात. म्हणून कोणी शेतकरी ओळखीचा असेल तर फुलोऱ्यावर आलेले एक रोप मातीसकट खणून मागून घ्या आणि मुळे पाण्यात हळूच धुवा. मग त्यातली एक गाठ नखाने चिरा. आतला रंग गुलाबी निघाला तर गाठीचे काम चालू आहे असे समजा.

येथे एका शब्दाची गंमत सांगतो. झाडाच्या ज्या भागाला आपण उर्दूत जड म्हणतो, त्याला मराठीत मूळ म्हणतात. मराठीत जड म्हणजे वजनदार. दरवर्षी उत्तरपत्रिकेत कोणी ना कोणी हरभऱ्याची जड लिहितोच! गाठ हा शब्द मात्र दोन्ही भाषांत जवळजवळ सारखा आहे. आजचा धडा या गाठीचा आणि ती उघडून पाहणाऱ्या एका माणसाचा आहे.

त्या माणसाचे नाव मार्टिनस बायरिंक. हॉलंड देशातील ॲमस्टरडॅम शहरात 16 मार्च 1851 रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार होता. मार्टिनस लहान असतानाच तो व्यापार बुडाला. घरात जे काही होते ते गेले. वडिलांनी रेल्वेत कारकुनाची नोकरी धरली आणि कुटुंब दुसऱ्या गावी राहायला गेले. मुलांना शाळेत घालण्याइतका पैसा नव्हता, म्हणून वडीलच त्यांना घरी शिकवत. मार्टिनस शाळेत गेले ते जवळजवळ बारा वर्षांचे झाल्यावर. इतर मुलांच्या मानाने हा फारच उशीर होता. पण वडिलांनी पाया पक्का केला होता, त्यामुळे ते वर्गात मागे पडले नाहीत.

हार्लेम गावच्या शाळेत त्यांना झाडापानांचा नाद लागला. रानात भटकायचे, वनस्पती गोळा करायच्या, त्या कागदात दाबून वाळवायच्या आणि प्रत्येकीचे नाव लिहून ठेवायचे, हा त्यांचा छंद झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी दीडशे वनस्पतींच्या अशा संग्रहाबद्दल त्यांना स्पर्धेत बक्षीसही मिळाले. वनस्पतिशास्त्र शिकावे असे मनात फार होते. पण त्या शिक्षणातून पोट कसे भरणार, हा प्रश्न होता. तेव्हा एका नातेवाइकाच्या मदतीने ते डेल्फ्ट येथील तंत्रशाळेत रसायनशास्त्र शिकायला गेले. तेथे त्यांना एक सहाध्यायी भेटला. दोघे मिळून राहत्या खोलीतच रसायनांचे प्रयोग करीत. घरमालकाला काय वाटत असेल कोण जाणे! हा सहाध्यायी म्हणजे व्हान्ट हॉफ. पुढे 1901 मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळाले.

शिक्षण झाल्यावर बायरिंक शिक्षक झाले. 1876 पासून ते वागेनिंगेन येथील शेतकी शाळेत शिकवू लागले. 1877 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय लक्षात ठेवा, कारण तो पुढे उपयोगी पडला. काही कीटक झाडाच्या पानावर अंडी घालतात आणि मग त्या जागी पानाला गाठ येते. अशा गाठी कशा तयार होतात, याचा त्यांनी अभ्यास केला होता. दुसऱ्याच कोणा जिवामुळे झाडाचे शरीर आपला आकार बदलते, ही गोष्ट त्यांनी फार जवळून पाहिली होती.

शिक्षक म्हणून मात्र ते फारसे यशस्वी झाले नाहीत. विद्वत्ता मोठी, पण मुलांना समजेल अशा रीतीने सांगण्याचा धीर नव्हता. एखाद्याला उत्तर आले नाही की त्यांचा पारा चढे. हा दोष त्यांच्यात शेवटपर्यंत राहिला. मोठ्या माणसांच्या चरित्रात अशा गोष्टी झाकून ठेवण्याची रीत आहे, पण मला ती पसंत नाही.

1885 मध्ये त्यांनी शाळा सोडली आणि डेल्फ्टच्या एका कारखान्यात नोकरी धरली. कारखाना कसला? खमिराचा. पाव आणि नान फुगवण्यासाठी पिठात घालतात ते खमीर. खमीर म्हणजेही सूक्ष्मजीवच. कारखान्याचे मालक व्हान मार्केन हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. त्यांनी बायरिंकांसाठी खास प्रयोगशाळा उभी केली. पहिल्या काही महिन्यांत बायरिंकांना वाटू लागले की, आपला कारखान्याला काहीच उपयोग होत नाही. त्यांनी नोकरी सोडण्याची तयारी दाखवली. मालकांनी त्यांना जाऊ दिले नाही. एवढेच नव्हे, तर कारखान्याच्या कामाशी संबंध नसलेले संशोधन करायलाही मोकळीक दिली. त्याच प्रयोगशाळेत, खमिराच्या वासात, शेतीच्या एका जुन्या कोड्याचा महत्त्वाचा धागा सापडला.

आता ते कोडे समजून घेऊ.

झाड असो, बकरी असो की माणूस, प्रत्येकाच्या शरीराला प्रथिने लागतात. प्रथिने बनतात ॲमिनो आम्लांपासून. वीटेवर वीट रचून भिंत उभी राहते, तशी ॲमिनो आम्लाला ॲमिनो आम्ल जोडून प्रथिन तयार होते. आणि प्रत्येक ॲमिनो आम्लात नायट्रोजन असावाच लागतो. नायट्रोजनाला मराठीत नत्र असेही म्हणतात. हवेत नायट्रोजन भरपूर आहे. शंभर भाग हवेत सुमारे 78 भाग तोच असतो. एकदा वर्गात हे सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले की, मग शेतकरी खतावर पैसे कशाला घालवतो? प्रश्न अगदी बरोबर होता. अडचण अशी की, हवेतला नायट्रोजन जोडीजोडीने असतो. त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. हा बंध तोडणे झाडाच्या आवाक्याबाहेरचे आहे. भोवती नायट्रोजनाचा समुद्र आणि झाड मात्र उपाशी, अशी ही स्थिती आहे.

तरीही हॉलंडचेच काय, आपल्याकडचे शेतकरीसुद्धा एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ओळखून होते. ज्या शेतात वाटाणा, हरभरा, तूर यांसारखे पीक घेतले, त्या शेतात पुढचे पीक चांगले येते. फ्रान्समध्ये बुसेंगो या शास्त्रज्ञाने 1830 नंतरच्या काळात वजनकाट्यावर मोजून दाखवले की, वाटाणा आणि क्लोव्हर नावाचे गवतासारखे पीक यांच्यात नायट्रोजन वाढतो, गव्हात वाढत नाही. मग इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे 1857 आणि 1858 साली फार काळजीपूर्वक प्रयोग झाले. बाहेरून कोठूनही नायट्रोजन येऊ नये म्हणून त्या शास्त्रज्ञांनी माती तापवून भाजून घेतली. झाडे काचेखाली वाढवली. नायट्रोजन वाढला नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की, कोणतेही झाड हवेतला नायट्रोजन घेत नाही.

त्यांचे काय चुकले, सांगा पाहू? काळजी घेण्यातच चुकले! माती भाजताना तिच्यातले सूक्ष्मजीव मरून गेले. जो मजूर काम करणार होता, त्यालाच दाराबाहेर काढल्यासारखे झाले. ही चूक कळायला जवळजवळ तीस वर्षे लागली. 1886 मध्ये जर्मनीतील हेलरिगेल आणि विलफार्थ यांनी नायट्रोजन नसलेल्या स्वच्छ वाळूत वाटाणे लावले. काही रोपे पिवळी पडून सुकली, काही हिरवीगार वाढली. हिरव्या रोपांच्या मुळांना गाठी होत्या. सुकणाऱ्या रोपांना शेतातली माती कालवलेले पाणी घातले की त्यांनाही गाठी येत आणि ती तरारत. तेच पाणी उकळून घातले तर काहीही होत नसे. म्हणजे मातीत काहीतरी जिवंत होते आणि उकळल्यावर ते मरत होते. पण ते नेमके कोण? ते वेगळे काढून अजून कोणी दाखवले नव्हते. गाठी म्हणजे झाडाने साठवलेले अन्न आहे असे म्हणणारे शास्त्रज्ञही त्या वेळी होते.

हे काम बायरिंकांनी 1888 मध्ये केले. त्यांनी वाटाणावर्गीय झाडांच्या गाठी घेतल्या, बाहेरून चिकटलेले जंतू मरावेत म्हणून त्या नीट स्वच्छ केल्या आणि मग आतला रस काढला. आता या जिवांना वाढायला खुराक हवा. तोपर्यंत प्रयोगशाळांत मांसाचा रस वापरण्याची पद्धत होती. बायरिंकांनी विचार केला की, हा जीव मांसात नव्हे, वाटाण्याच्या मुळात राहतो, तर त्याला घरचेच जेवण दिलेले बरे. त्यांनी वाटाण्याच्या पाल्याचा काढा केला. त्यात जिलेटिन, थोडी साखर आणि अस्पॅरजिन नावाचे ॲमिनो आम्ल घातले. काही दिवसांनी त्या थरावर जिवाणूंचे बारीक ठिपके उगवले. एका ठिपक्यातले सगळे जिवाणू एकाच जातीचे. अशा रीतीने गाठीतला रहिवासी पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात हाती आला. बायरिंकांनी त्याला लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थ मुळात राहणारा. पुढच्याच वर्षी दुसऱ्या शास्त्रज्ञाने दिलेले रायझोबियम हे नाव आज जगभर चालते.

पण चोर पकडला म्हणजे चोरी सिद्ध झाली असे नाही. हाच जिवाणू गाठ निर्माण करतो हे दाखवायचे राहिले होते. 1890 मध्ये बायरिंकांनी शुद्ध जिवाणू बाकल्याच्या रोपांना दिले आणि मुळांवर गाठी आल्या. एक गोष्ट मात्र काही केल्या होईना. बाटलीत एकटे वाढवले की हे जिवाणू हवेतला नायट्रोजन घेतच नसत. झाडाच्या मुळात काम करणारा जीव बाटलीत स्वस्थ बसे. बायरिंकांसमोर दोन वाटा होत्या. हा जिवाणूच नायट्रोजन घेतो असे ठासून सांगून मोकळे व्हायचे, ही एक. सगळा युरोप तेच ऐकायला उत्सुक होता. जे दिसले तेवढेच लिहायचे, ही दुसरी. त्यांनी दुसरी वाट धरली. बाटलीतल्या जिवाणूंत नायट्रोजन वाढल्याचा पुरावा आपल्याला मिळत नाही, असे त्यांनी स्पष्ट मांडले. हे लिहिताना त्यांना जड गेले असेल. येथे जड शब्द मराठी अर्थाने वापरला आहे!

हे जिवाणू बाटलीत काम का करीत नव्हते, ते बायरिंकांना आयुष्यभर कळले नाही. आज आपल्याला कळले आहे. त्यासाठी चिरलेल्या गाठीच्या आत शिरू.

गाठीच्या आत झाडाच्या पेशी असतात आणि त्या पेशींत हजारो जिवाणू राहतात. झाड त्यांना साखरेपासून बनवलेले अन्न पुरवते. त्या अन्नाच्या बळावर जिवाणू नायट्रोजनाचा तिहेरी बंध तोडतात. हे काम नायट्रोजिनेज नावाचे विकर करते. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. या विकरात लोह आणि मॉलिब्डेनम हे धातू असतात. नायट्रोजनाच्या एका जोडीपासून अमोनियाचे दोन रेणू मिळतात आणि त्यासाठी पेशीतील शक्तीची सोळा नाणी मोडावी लागतात. या नाण्यांना शास्त्रात एटीपी म्हणतात. सौदा महाग आहे. पण खताच्या कारखान्यात हेच काम करायला 400 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उष्णता आणि हवेच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. हरभऱ्याचे मूळ ते थंड मातीत, आवाज न करता करते.

या विकराचा एक मोठा शत्रू आहे. तो म्हणजे ऑक्सिजन. ऑक्सिजन लागला की विकर निकामी होते. पण जिवाणूंना श्वास घ्यायला तर ऑक्सिजन हवाच! मग गाठीने त्यावर तोड काढली. तिच्यात आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनासारखा एक लाल पदार्थ असतो. तो ऑक्सिजन मोकळा फिरू देत नाही, धरून ठेवतो आणि जिवाणूंना बेताबेताने पोहोचवतो. तुम्ही नखाने गाठ चिरल्यावर जो गुलाबी रंग दिसला, तो याच पदार्थाचा. हा पदार्थ हिमोग्लोबिनच्या जातीचा आहे हे जपानमधील शास्त्रज्ञ कुबो यांनी 1939 मध्ये ओळखले. बायरिंकांच्या बाटलीत हा बंदोबस्त कोठून असणार? 1975 मध्ये निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी अगदी थोडा ऑक्सिजन ठेवून काही जातींचे रायझोबियम एकटेच वाढवले, तेव्हा त्यांनी झाडाशिवायही नायट्रोजन घेऊन दाखवला. बायरिंकांच्या अडचणीला उत्तर मिळायला पंच्याऐंशी वर्षे लागली.

अमोनिया तयार झाला, पण कथा तेथे संपत नाही. अमोनिया साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे. तो फार साचला तर पेशीला विषासारखा बाधतो. शिवाय झाडाला अमोनिया नको असतो, ॲमिनो आम्ले हवी असतात. म्हणून गाठीतले जिवाणू बहुतेक अमोनिया आपल्याजवळ न ठेवता झाडाच्या पेशीत सोडतात आणि झाड तो लगेच बांधून टाकते. कसा, ते नीट वाचा. हा भाग थोडा अवघड आहे, पण दोनदा वाचला की समजेल.

ग्लुटामेट नावाचे एक ॲमिनो आम्ल असते. त्यात नायट्रोजनाचा एक अणू असतो. झाडाचे एक विकर या ग्लुटामेटला अमोनिया जोडते. आता त्यात नायट्रोजनाचे दोन अणू झाले. या नव्या ॲमिनो आम्लाला ग्लुटामिन म्हणतात. मग दुसरे विकर पुढे येते. ते ग्लुटामिनातला एक नायट्रोजन काढून घेते आणि एका नायट्रोजन नसलेल्या आम्लाला देते. ज्याने दिले त्याचे पुन्हा ग्लुटामेट झाले. ज्याला मिळाले त्याचेही ग्लुटामेट झाले. म्हणजे एका ग्लुटामेटपासून सुरुवात केली आणि हाती आली दोन. दुकानदार जसे भांडवल पुन्हा धंद्यात घालतो आणि नफा घरी नेतो, तसे एक ग्लुटामेट पुढचा अमोनिया पकडण्यासाठी परत कामाला लागते आणि दुसरे झाडाची कमाई ठरते.

या कमाईतल्या ग्लुटामेटकडून नायट्रोजन घेऊन इतर ॲमिनो आम्ले तयार होतात. वाटाण्याच्या गाठीत त्यातले पुष्कळसे अस्पॅरजिन बनते. तेच ते अस्पॅरजिन, जे बायरिंकांनी आपल्या काढ्यात घातले होते. त्याच्या एका रेणूत दोन नायट्रोजन मावतात, त्यामुळे नेआण स्वस्तात होते. ते पाण्याबरोबर मुळातून वर चढते, पानांत जाते, शेंगेत जाते आणि तेथे दाण्यातले प्रथिन बनते. सोयाबीन आणि चवळी या पिकांची रीत थोडी निराळी आहे. ती नायट्रोजन दुसऱ्याच संयुगांच्या रूपाने वर पाठवतात. पण डाळीच्या वाटीत जे प्रथिन आपल्या ताटात येते, त्यातला बराच नायट्रोजन काही महिन्यांपूर्वी शेतावरच्या हवेत होता, हे खरे आहे.

दोन विकरांची ही जोडी शास्त्रज्ञांना फार उशिरा सापडली. त्यातले दुसरे विकर 1970 मध्ये इंग्लंडमध्ये प्रथम जिवाणूत मिळाले आणि 1974 मध्ये वनस्पतींतही असल्याचे दिसून आले. तोपर्यंत पाठ्यपुस्तकांत निराळाच मार्ग शिकवला जात असे. त्या वेळच्या शिक्षकांना आपले टिपण खोडून पुन्हा लिहावे लागले असणार.

आता बायरिंकांकडे परत जाऊ. 1895 मध्ये ते डेल्फ्टच्या त्याच तंत्रशाळेत प्राध्यापक झाले, जेथे ते एके काळी शिकले होते. डेल्फ्ट हे गाव सूक्ष्मजीवांच्या बाबतीत आधीपासूनच प्रसिद्ध होते. सतराव्या शतकात लेव्हेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याने याच गावात स्वतः घासलेल्या भिंगांतून सूक्ष्मजीव प्रथम पाहिले होते.

येथे बायरिंकांनी शोधण्याची एक नवी रीत पक्की केली. मातीत असंख्य जातींचे जिवाणू एकत्र असतात. त्यातला हवा तो कसा निवडायचा? बायरिंकांनी ठरवले की, आपण निवडायचेच नाही. अशी परिस्थिती तयार करायची की, फक्त तोच टिकेल. त्यांनी एका रुंद बुडाच्या बाटलीत पाण्याचा पातळ थर घेतला. त्यात मॅनिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ आणि थोडे क्षार घातले, पण नायट्रोजन अजिबात घातला नाही. मग चिमूटभर बागेतली माती टाकली. ज्या जिवाणूंना तयार नायट्रोजन हवा, ते उपाशी राहिले. हवेतून नायट्रोजन घेऊ शकणारे मात्र वाढले आणि काही दिवसांत पाण्यावर त्यांची साय धरली. 1901 मध्ये त्यांनी या जिवाणूला अझोटोबॅक्टर हे नाव दिले. अझोट म्हणजे फ्रेंच भाषेत नायट्रोजन. मूळ ग्रीक अर्थ पाहिला तर अझोट म्हणजे ज्यात जीवन नाही ते. ज्याला निर्जीव म्हटले त्यावरच हा जीव जगतो!

अझोटोबॅक्टरला झाडाच्या मुळात शिरावे लागत नाही. तो मातीत मोकळा राहतो. ऑक्सिजनचा त्रास तो स्वतः निवारतो. इतक्या जोराने श्वास घेतो की, पेशीच्या आत ऑक्सिजन शिल्लकच राहत नाही. अमोनियापासून ग्लुटामिन, ग्लुटामिनपासून ग्लुटामेट आणि पुढची सगळी ॲमिनो आम्ले तो स्वतःच्या पेशीत स्वतःसाठी बनवतो. त्यामुळे तो जिवंत असेपर्यंत झाडाला त्याच्याकडून थोडेच मिळते. बराचसा नायट्रोजन तो मेल्यानंतर मातीत मिसळतो.

ही दोन्ही नावे तुम्हाला आपल्या महाराष्ट्रातही वाचायला मिळतील. कृषी सेवा केंद्रात जिवाणू खताची पाकिटे असतात. हरभरा, तूर, सोयाबीन यांसाठी रायझोबियम आणि ज्वारी, गहू, कापूस यांसाठी अझोटोबॅक्टर. साधारण दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचे एक पाकीट पुरते. गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात ते कालवून बियाण्याला चोळतात आणि बियाणे सावलीत वाळवतात. उन्हात का नाही, हे आता तुम्हीच सांगू शकाल. हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चालत नाही. प्रत्येक पिकाच्या गटाचा रायझोबियम वेगळा असतो.

तंबाखूने बायरिंकांच्या वडिलांचे घर बुडवले होते. त्याच तंबाखूने मुलाला आणखी एक कीर्ती दिली. तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणारा एक रोग होता. वागेनिंगेनला असतानाच त्यांनी तो पाहिला होता, पण त्यात जिवाणू सापडला नव्हता. 1898 मध्ये त्यांनी रोगट पानांचा रस चिनीमातीच्या बारीक गाळणीतून गाळला. जिवाणू गाळणीत अडकतात. तरीही गाळलेल्या रसाने रोग होई आणि तो जिवंत पेशींतच वाढे. जिवाणूहून निराळे असे काहीतरी येथे आहे, असे त्यांनी सांगितले आणि त्यासाठी विषाणू हा शब्द वापरला. रशियाच्या इव्हानोव्हस्की यांनी 1892 मध्ये असाच प्रयोग केला होता. ते कळल्यावर बायरिंकांनी पहिला मान त्यांना दिला. विषाणू द्रवरूप असावा, हा बायरिंकांचा अंदाज मात्र चुकला. 1939 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो बारीक काडीसारखा दिसला.

बायरिंकांनी लग्न केले नाही. दोन बहिणी त्यांच्याबरोबर राहत. त्यातल्या हेन्रिएट या उत्तम चित्रकार होत्या. व्याख्यानाच्या वेळी भिंतीवर लावायचे वनस्पतींचे आणि सूक्ष्मजीवांचे मोठे तक्ते त्यांनीच रंगवले. भावाच्या नावापुढे त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले. घरात शांतता असे, प्रयोगशाळेत मात्र सगळे धाकात असत. विद्यार्थ्यांना बायरिंक सर्वांसमोर टाकून बोलत. मदतनिसांनी लग्न केलेले त्यांना खपत नसे, कारण मग कामातले लक्ष उडते असे त्यांचे मत होते. झाड आणि जिवाणू एकमेकांना सांभाळून कसे राहतात हे ज्यांना इतके बारकाईने दिसले, त्यांना शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी का दिसला नाही, हे कोडे मला सुटलेले नाही. तरीही त्यांच्या हाताखालून चांगले शास्त्रज्ञ तयार झाले.

1905 मध्ये त्यांना लेव्हेनहुक पदक मिळाले. नोबेल पारितोषिक मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. 1921 मध्ये सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे त्यांना निवृत्त व्हावे लागले. प्रयोगशाळा सोडताना त्यांना फार दुःख झाले. बहिणींना घेऊन ते गोर्सेल नावाच्या खेड्यात गेले. तेथे त्यांनी बाग केली आणि लहानपणीसारखे पुन्हा झाडापानांत रमले. डोळ्यांपुढे सूक्ष्मदर्शक नव्हता, पण झाडांवरच्या गाठींकडे लक्ष होतेच. 1 जानेवारी 1931 रोजी गोर्सेल येथेच त्यांचे निधन झाले. आपले जिवाणू बाटलीत स्वस्थ का बसतात, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा अजून चव्वेचाळीस वर्षे दूर होते.